निवेदन : पर्यटन निवासांतील आंघोळीच्या पाण्यासाठी सौरवीज

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

दापोली-गुहागर किनाऱ्यावर आम्ही घरगुती पर्यटन निवास चालवतो. खोल्या शुक्रवारी रात्री भरतात, रविवारी दुपारी रिकाम्या होतात. शनिवारी सकाळी सगळ्यांना एकदमच कढत पाणी लागते. सगळे गिझर एकाच वेळी चालू होतात आणि वाडीभर व्होल्टेज पडते.

छतावरचा सौर बंब हा यावर सर्वांना सुचणारा उपाय. राहत्या घरात तो उत्तमच. पण आठवडाभर बंद असलेल्या घरात पाणी वापरलेच जात नाही. ते तापून उकळते, नळ्यांत क्षार धरतो आणि पाहुणे येण्याच्या सुमारास दुरुस्ती निघते. त्याऐवजी सौर पॅनेलच्या विजेवर टाकीतली कॉइल चालवली तर पाणी तापताच थर्मोस्टॅट वीज तोडतो. पॅनेल नुसते उन्हात पडून राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही. १०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ३.५ युनिट लागतात. १ किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देते. पावसाळ्यात चूल पेटवावीच लागेल, ते आम्हांस मान्य आहे.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान ग्रिडला जोडलेल्या घरगुती संचांसाठी आहे. असा साधा संच वीज गेली की लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरची कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, हे आपण जाणताच.

म्हणून निवास-न्याहारी योजनेत नोंदलेल्या घरांना, फक्त पाणी तापवणाऱ्या आणि ग्रिडला न जोडलेल्या १ ते २ किलोवॅटच्या संचांसाठी राज्याने स्वतंत्र अनुदान द्यावे. मात्र त्याआधी प्रमाणित संचांची यादी हवी. नेहमीच्या गिझरचा थर्मोस्टॅट एसी प्रवाहासाठी असतो. त्याला पॅनेलचा डीसी थेट जोडला तर ठिणगी विझत नाही आणि आतले संपर्क जळतात. अनुदानाच्या नावाखाली गावोगाव असले जुगाड झालेले आम्हांला नको आहेत. खाऱ्या हवेत न गंजणारी आणि वादळी वाऱ्यात तग धरणारी चौकट, हा निकषही यादीत असावा.

पर्यटन विकास महामंडळाने गणपतीपुळे व तारकर्ली येथील आपल्या निवासांत हे संच आधी बसवून वर्षभराचे आकडे जाहीर करावेत. दुरुस्तीचे प्रशिक्षण तालुक्याच्या आयटीआयमध्ये मिळावे.

आमचा हंगाम दिवाळीला सुरू होतो. त्याआधी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपले,
दापोली-गुहागर किनाऱ्यावरील पर्यटन निवासचालक