ज्याचे अंगण, त्याची जबाबदारी

मोटारीचे इंजिन उतरविण्याविषयी एका बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या व्यवसायबंधूंमध्ये जुन्या गाड्यांचा शौक असणारे थोडे नाहीत. कुणाच्या अंगणात एखादी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असते आणि ‘यंदा इंजिन घरीच उतरवू’ असा संकल्प दिवाळीच्या सुमारास हमखास ऐकू येतो. त्या संकल्पाविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात होते.

हा संकल्प मला स्वागतार्ह वाटतो. हात काळे करण्यात कमीपणा मानणारे आपले बेळगाव नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच गावात. उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि वर्कशॉप्स ही त्याच वृत्तीची पुढची पिढी. शिवाय पद्मिनीसारख्या गाडीचे इंजिन उतरविण्यास गॅरेजातील लिफ्ट लागतच नाही. ते वरून, बॉनेटच्या वाटेने निघते. लोखंडी पाइपांची भक्कम तिपाई, योग्य क्षमतेचा चेनब्लॉक, चांगले पाने आणि दोन समजूतदार माणसे एवढे पुरते.

कामाचा क्रमही सरळ आहे. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. पाणी व ऑइल काढून घ्यावे. बॉनेटच्या बिजागऱ्यांवर खुणा करून बॉनेट उतरवावे, मग रेडिएटर. पेट्रोलची नळी सोडवून तिचे तोंड घट्ट बंद करावे. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी. नट-बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. सायलेन्सरचा पाइप आणि गियरबॉक्सच्या जोडाचे खालचे बोल्ट सुटले, की चाके पुन्हा जमिनीवर टेकवावीत. गियरबॉक्सला आधार द्यावा, साखळी ताणून घ्यावी, मगच इंजिनाचे माउंटिंग सोडवावे. इंजिन किंचित पुढे ओढून गियरबॉक्सच्या शाफ्टमधून मोकळे करावे आणि सावकाश उचलावे. यापुढची युक्ती महत्त्वाची आहे : लोंबकळते इंजिन हलवायचे नाही, गाडी मागे ढकलायची. तत्पूर्वी गियरबॉक्स भक्कम पट्ट्याने गाडीला बांधलेला असावा. गाडी बाजूला होताच इंजिन जुन्या टायरवर उतरवावे. ते क्षणभरही विनाकारण टांगून ठेवू नये.

यात अवघड काही नाही. धोकादायक मात्र बरेच आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्याचे एक रबरी सील निकामी झाले, की गाडी खाली येते. म्हणून खाली शिरण्यापूर्वी गाडी लोखंडी स्टँडवर, सपाट व टणक जमिनीवर टेकलेली हवी. विटा चालत नाहीत. त्या पूर्वसूचना न देता फुटतात. छतातला हूक पंख्यासाठी असतो, इंजिनासाठी नव्हे. आणि टांगलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नये.

एवढे नियम कोणत्याही चांगल्या कारागिराला ठाऊक असतात. माझा खरा मुद्दा पुढेच आहे. घरी काम काढले, की आपण बहुधा ओळखीच्या मिस्त्रीला सुट्टीच्या दिवशी बोलावतो आणि त्याच्याबरोबर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा येतो. त्याला ‘छोटू’ म्हणतात. अंग लहान, म्हणून गाडीखाली तोच शिरतो. जॅकवरच्या गाडीखाली स्वतःच्या मुलाला जो कदापि पाठविणार नाही, असा सुशिक्षित गृहस्थ त्या वेळी चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभा असतो.

आपण डॉक्टर आहोत. पुढे काय होऊ शकते हे आपल्याला इतरांनी सांगावे लागत नाही. मुलाच्या बरगड्या लवचीक असतात. त्या मोडत नाहीत, पण दाब थेट फुप्फुसापर्यंत पोचतो. बाहेरून जखम दिसत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात. छाती दडपलेली राहिली, तर काही मिनिटांत श्वास थांबतो.

कायदाही स्पष्ट आहे. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला अशा कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांस मनाई आहे. ‘मुलगा मिस्त्रीचा आहे, माझा नव्हे’ ही सबब मला मान्य नाही. ज्याचे अंगण, त्याची जबाबदारी. मिस्त्रीला बोलावतानाच सांगावे : ‘मदतनीस मोठा माणूस आणा, त्याची मजुरी मी देतो.’ एका दिवसाच्या मजुरीचा हा प्रश्न आहे.

‘काम शिकला नाही तर तो पोट कसे भरणार?’ असा प्रश्न काहीजण कळवळ्याने विचारतात. प्रश्न खोटा नाही. परंतु शाळा सांभाळून, वय झाल्यावर आयटीआयमध्ये रीतसर शिकणे वेगळे आणि बाराव्या वर्षी गाडीखाली सरपटणे वेगळे. पहिल्यात कौशल्य मिळते. दुसऱ्यात केवळ त्याच्या लहान अंगाचा उपयोग करून घेतला जातो.

घरातल्या मुलांसाठीही एक सूचना. सुटे भाग धुण्यासाठी आणलेले रॉकेल किंवा पेट्रोल शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. दोन वर्षांच्या मुलाला बाटली ओळखू येते, आतला द्रव नाही. असा द्रव पोटापेक्षा फुप्फुसात जाऊन अधिक घात करतो. म्हणूनच उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे. रेडिएटरमधील कूलंट चवीला गोड असते आणि त्यातील इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. ते उघड्या परातीत रात्रभर राहू देऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी-यादी दिली. निष्णात सर्जनही ती वाचून दाखवितात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. अंगणातल्या कामाची यादी याहून लहान पुरेल : स्टँड लावले का, बाटल्यांवर नावे आहेत का, साखळीखाली कोणी नाही ना, आणि गाडीखाली जाणाऱ्याचे वय काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या दिवशी ताडपत्री पुन्हा पसरावी. इंजिन पुढच्या रविवारीही उतरविता येते.