पाचशे पाकिटे आणि एक शब्द

ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेतील वृत्तसंस्थांच्या कचेऱ्यांत व सिनेटरांच्या कार्यालयांत अँथ्रॅक्सची पाकिटे येऊन पडली, पाच माणसे दगावली आणि जगभरची वृत्तपत्रे त्या बातमीने व्यापली. ते योग्यच होते. परंतु त्याच महिन्यात तेथील गर्भपात केंद्रांनाही पांढऱ्या भुकटीची पाकिटे येऊ लागली होती. वर सरकारी सुरक्षा खात्याचा पत्ता आणि आत ‘देवाची सेना’ अशी सही! नोव्हेंबरपर्यंत त्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली. भुकटी निरुपद्रवी निघाली खरी. पण तसा निर्वाळा मिळेपर्यंत पाकीट उघडणाऱ्या स्त्रीने ते तास कसे काढले असतील? ह्या बातमीला त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. पाठवणारा क्लेटन वॅगनर हा तुरुंगातून पळालेला अमेरिकन होता.

चौदा वर्षांनंतरही चित्र फारसे पालटले नव्हते. २७ नोव्हेंबर २०१५ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील केंद्रात तिघांची हत्या झाली, तेव्हा ‘दहशतवाद’ हा शब्द वापरावा की नाही, ह्यावरच वाद रंगला. २ डिसेंबरला सॅन बर्नार्डिनो येथे मुस्लिम दाम्पत्याने चौदा जणांना ठार केले. त्याबाबत दोनच दिवसांत एफबीआयने तो शब्द उच्चारला. दोन्हीकडे बळी निरपराध माणसांचेच गेले होते.

गर्भपात म्हणजे निष्पाप जीवाची हत्या, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्हांस शिरोधार्य आहे. म्हणूनच हे लिहिताना लेखणी अडखळते. १९९८ मध्ये डॉ. बार्नेट स्लेपियन यांना त्यांच्या राहत्या घरात गोळी घालणारा जेम्स कॉप हा कॅथलिक धर्म स्वीकारलेला इसम होता.

माध्यमांचे माप आपल्याही बाबतीत खोटे ठरते, अशी जीवनवाद्यांची तक्रार आहे आणि ती निराधार नाही. मे २००९ मध्ये डॉ. जॉर्ज टिलर यांचा चर्चमध्ये झालेला खून जगभर गाजला. त्याच सप्टेंबरमध्ये मिशिगनमधील ओवोसो येथे गर्भपातविरोधी फलक घेऊन उभ्या असलेल्या वृद्धाची हत्या झाली, ती किती जणांना आठवते? मात्र अशी तक्रार करणाऱ्याने आधी आपल्या बाजूच्या खुन्याला खुनी म्हटलेले असावे.

डिसेंबर १९९४ मध्ये बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनमध्ये दोन केंद्रांवरील गोळीबारात दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर केंद्रांबाहेरील निदर्शने तूर्त थांबवा, असे आवाहन तेथील कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी केले. काही जीवनवादी मंडळींना ते मुळीच रुचले नाही.