उपग्रहाला दिसलेला दुष्काळ

अमरावती, प्रतिनिधी

दुष्काळ आहे की नाही, हे ठरविण्याचे काम पूर्वी प्रामुख्याने गावच्या पैसेवारीवर चालत असे. पिकाचा अंदाज घेतला जाई आणि पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की सवलतींचा मार्ग मोकळा होई. पैसेवारी आजही काढली जाते. मात्र केंद्र सरकारची २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता राज्याने स्वीकारल्यापासून दुष्काळाच्या घोषणेचा निर्णय बऱ्याच अंशी आकड्यांच्या हाती गेला आहे. त्यातील एक महत्त्वाचा आकडा जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरून, उपग्रहाच्या प्रतिमेतून येतो. तो आकडा कसा तयार होतो, याची चर्चा अमरावती आणि अकोल्यात फारशी होत नाही. ती व्हायला हवी.

संहितेनुसार प्रथम पावसाची तूट आणि खंड तपासला जातो. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा, जलसाठे आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती पाहिली जाते. पिकांची स्थिती 'वनस्पती निर्देशांका'ने मोजतात. हा निर्देशांक नेहमीच्या पातळीपेक्षा २० ते ३० टक्के घसरला तर मध्यम आणि ३० टक्क्यांहून अधिक घसरला तर गंभीर स्थिती मानली जाते. या कसोट्यांनंतर बाधित तालुक्यातील १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. म्हणजेच पथक गावात पोचण्याआधीच तालुका यादीत राहणार की वगळला जाणार, हे पुष्कळदा ठरलेले असते.

राज्याने २०१८ च्या ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत अमरावती विभागातील बुलडाणा आणि लोणार हे दोनच तालुके होते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील एकही नव्हता. पुढे नोव्हेंबरमध्ये निव्वळ पावसाच्या निकषावर राज्यातील १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. माप बदलले की दुष्काळाचा नकाशाही बदलतो, हा त्याचा अर्थ. म्हणूनच प्रत्येक माप कितपत शुद्ध आहे, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही.

उपग्रह पीक पाहत नाही, तो प्रकाश मोजतो. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. परंतु उपग्रहाकडून हाती पडतात ते केवळ कच्चे अंक. संवेदकाच्या ज्ञात गुणांकांनी त्या अंकांचे प्रकाशाच्या खऱ्या मापात रूपांतर करणे म्हणजे अंशशोधन. तराजूचे काटे तपासून घेण्यासारखेच हे काम आहे. त्यानंतर सूर्याची उंची आणि पृथ्वी-सूर्य अंतर हिशेबात घेतले जाते. शेवटी, वाटेतील हवेने, बाष्पाने, धुळीने आणि धुराने प्रकाशात केलेली भेसळ वजा केली जाते. ही वातावरणीय दुरुस्ती होय.

ही दुरुस्ती वगळली तर काय होते, ते साध्या हिशेबाने समजते. समजा, अकोल्याजवळील एखाद्या भरात आलेल्या सोयाबीनच्या पट्ट्याचे तांबडे परावर्तन ०.०५ आणि अवरक्त ०.३५ आहे. निर्देशांक येतो ०.७५. आता हवा धूसर आहे असे धरू. धूळ तांबडा प्रकाश आपल्याकडून उपग्रहाकडे विखुरते आणि अवरक्त काहीसा अडविते. उपग्रहाला अनुक्रमे ०.०९ आणि ०.३४ दिसले, तर निर्देशांक ०.५८ वर येतो. ही घट सुमारे २३ टक्क्यांची आहे. शेतातील एकही पान न सुकता कागदावर 'मध्यम' दुष्काळ उतरला.

याची उलट बाजू अधिक घातक आहे. मागील वर्षांची सरासरी दुरुस्ती न केलेल्या प्रतिमांवरून काढली आणि यंदाची प्रतिमा मात्र दुरुस्त करून घेतली, तर सरासरी मुळातच ठेंगणी असते. मग यंदा पीक खरोखर करपलेले असले तरी तुलनेत घट दिसत नाही. अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात वाळलेले झाड असते आणि नकाशावर हिरवा रंग.

हे धोके काल्पनिक नाहीत. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या 'टेरा' उपग्रहावरील 'मोडिस' संवेदकाची क्षमता कालांतराने क्षीण झाली. त्यामुळे प्रत्यक्षात नसलेली हिरवाईची घसरण आकडेवारीत दिसू लागल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, आणि नंतरच्या आवृत्तीत ती दुरुस्त करावी लागली. युरोपच्या 'सेंटिनेल-२' च्या प्रतिमांत २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक अंकात १,००० मिळविले जाऊ लागले. ही बाब जाहीर होती. पण ज्याने ते १,००० वजा केले नाहीत, त्याच्या हिशेबात वरील ०.७५ चा निर्देशांक ०.५० होतो. घट ३३ टक्के. म्हणजे थेट 'गंभीर' वर्ग.

वऱ्हाडात या प्रश्नाला स्थानिक पदरही आहेत. येथील काळी कसदार जमीन मुळातच गडद. हंगामाच्या सुरुवातीला पीक विरळ असताना खालची मातीही प्रतिमेत उतरते, आणि पावसाने माती आणखी गडद झाली की तेवढ्याच पिकाचा निर्देशांक वर सरकू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे स्वच्छ प्रतिमा दुर्मिळ असतात. रडारचे उपग्रह ढगांतूनही पाहतात. भारताने 'ईओएस-०४' २०२२ मध्ये, तर अमेरिकेसह 'निसार' २०२५ मध्ये सोडला. मात्र रडारचा संकेत हा हिरवाईचा थेट पर्याय नव्हे. शिवाय २५० मीटरच्या प्रतिमेतील एक ठिपका सव्वासहा हेक्टरचा असतो. त्यात कपाशी, सोयाबीन, तूर आणि पडीक असे सारेच मिसळते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्याने पिकाची भिस्त पावसावर; तेथे चुकलेल्या मापाची किंमत अधिक पडते.

हा प्रश्न आता दुष्काळापुरता उरलेला नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून धान आणि गव्हासाठी तंत्रज्ञानाधारित उत्पादन अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्यात आले, आणि २०२४ मध्ये त्यात सोयाबीनची भर पडली. सोयाबीन हे वऱ्हाडाचे नगदी पीक. निर्देशांकातील चूक आता थेट नुकसानभरपाईच्या रकमेपर्यंत पोचू शकते.

यावर उपाय उपग्रह नाकारणे हा नव्हे. पैसेवारीवरही दबावाचे आणि अंदाजपंचे कारभाराचे आरोप होतच आले आहेत. उपग्रह निदान कोणाचे तोंड पाहून आकडा देत नाही. गरज आहे ती हिशेब उघड करण्याची. कोणत्या उपग्रहाची, कोणत्या तारखेची प्रतिमा वापरली, तिची वातावरणीय दुरुस्ती कशी केली, सरासरीची वर्षे कोणती आणि ती त्याच पद्धतीने तपासली होती काय, एवढे तालुकानिहाय प्रसिद्ध केले तरी पुष्कळ साधेल. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या दोन्ही संस्था याच भूमीत आहेत. उपग्रह वरून जात असताना त्याच दिवशी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पिकाचे आणि मातीचे परावर्तन मोजून ठेवले, तर आकाशातील आकड्याला जमिनीवरची साक्ष मिळेल.

बाजार समितीत काट्यावर संशय आला तर शेतकरी फेरवजन मागू शकतो. त्याच्या दुष्काळाचे आणि विम्याचे वजन ज्या काट्यावर होते, त्याचेही फेरवजन मागता आले पाहिजे.