लायसन्स नको, पासिंग नको... आणि विमा?

"मॅडम, लायसन्स नको, पासिंग नको, टॅक्स नको. चावी घ्या आणि निघा!"

गेल्या वर्षी सिंहगड रोडवरच्या एका छोट्याशा शोरूममध्ये हे वाक्य ऐकलं, तेव्हा गिऱ्हाईक मी नव्हते. गिऱ्हाईक होती माझी मैत्रीण. मी आपली सोबतीला, 'तू पत्रकार आहेस ना, तुला कळतं' या कोट्यातून. (मास कॉम केलेल्या माणसाला इन्कम टॅक्सपासून बाथरूमच्या टाइल्सपर्यंत सगळं कळतं, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. असो.)

मैत्रीण राहते वारज्याला, नोकरी बाणेरला. पेट्रोलच्या खर्चानं वैतागलेली. त्यात ही इलेक्ट्रिक स्कूटर दिसायला एकदम क्यूट, पिस्ता रंगाची, किंमत मोठ्या कंपन्यांच्या स्कूटरच्या जवळजवळ निम्मी. तिनं एकच शंका काढली. "पण ही 25 च्या वर जात नाही ना?"

सेल्समननं आजूबाजूला बघितलं, सीट उचलली आणि आत बोट दाखवलं. "कागदावर 25, मॅडम. ही वायर बघा. ही काढली की 45. सगळे काढूनच नेतात."

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, पत्रकार म्हणून सोबत आणलेली बाई, काय म्हणाले? "अगं सगळेच करतात, काय फरक पडतो!"

त्या वाक्याचं बिल पुढे चार महिन्यांनी आलं. त्याआधी थोडं कायद्याचं सांगते, कारण गोम तिथेच आहे.

रस्त्यावर दिसणाऱ्या सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटर्स आपल्याला एकसारख्या वाटतात. कायद्याला तशा वाटत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरीवाल्या दुचाकीच्या मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी आहे, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आहे आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपेक्षा जास्त नाही, ती 'मोटार वाहन' धरलीच जात नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती सायकलची चुलत बहीण. म्हणून लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही, विमा नाही, हेल्मेटची सक्तीही नाही. (पुणेकर आणि हेल्मेट यांचं सख्य जगजाहीर असल्यामुळे हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार खपतो.)

सेल्समन खोटं बोलत नव्हता. फक्त अर्धंच बोलत होता. ही सगळी सूट त्या 25 च्या आकड्याला आहे. वायर निघाली त्या क्षणी सूट संपली. आता ती आहे एक मोटार वाहन, ज्याचं रजिस्ट्रेशन नाही आणि ज्याचा विमा नाही. रजिस्ट्रेशनशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी 5 हजारांपर्यंत दंड, विम्याशिवाय 2 हजार, लायसन्स नसेल तर आणखी 5 हजार. कारखान्यातून आलेल्या गाडीत परस्पर बदल केला म्हणून वेगळंच कलम. आणि दहावीतल्या चिरंजीवांना क्लासला जायला अशी 'मोकळी' केलेली गाडी दिली असेल, तर आईबाबांनी जरा जास्तच लक्ष द्यावं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो.

राज्याच्या परिवहन खात्याला हे माहीत नाही असं नाही. मे 2022 मध्ये परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाइक्सवर कारवाई करायचे आदेश आरटीओंना दिले होते. गाड्या पकडल्याही गेल्या. पण नंबरप्लेटच नसलेली गाडी कॅमेऱ्यात आली तरी चलन पाठवणार कुणाला?

मग लोक वायर काढतात तरी का? सगळेच काही वेगाचे भुकेले नसतात हो. माझी मैत्रीण तर मुळीच नव्हती. तिनं आठवडाभर इमानदारीत 25 नं चालवली. पण वारज्याहून चांदणी चौकाकडे जाताना जो चढ लागतो ना, तिथे गाडीनं हात टेकले. 250 वॅट म्हणजे आपल्या किचनमधल्या मिक्सरच्या निम्मीसुद्धा ताकद नाही. त्यात एक माणूस, एक लॅपटॉपची बॅग, एक डबा. चढावर बाजूनं सायकलवाला काका पुढे गेला आणि वर वळून हसला, असं ती शपथेवर सांगते. मागून ट्रक आणि बसेस हॉर्न मारताहेत, पुढे गाडी हलत नाही. आठव्या दिवशी वायर निघाली.

मोकळी केल्यावर गाडी मस्त पळायला लागली. फक्त ब्रेक तेच राहिले. बारीक टायर तेच, शॉकअप तेच, चेसिस तीच. शाळेत शिकलेलं फिजिक्स आठवून बघा. 25 वरून 45 वर गेलं की वेग दुप्पटही होत नाही, पण धडकेतली ऊर्जा तिपटीहून जास्त होते. 25 साठी बनवलेल्या ब्रेकला हे कुणी सांगितलेलं नसतं.

तर, चार महिन्यांनी. सकाळी साडेसहाची वेळ, कॉलनीतला रस्ता, मॉर्निंग वॉकहून परत येणारे एक काका. रस्ता ओलांडताना त्यांनी सवयीनं कानोसा घेतला. कसलाच आवाज नाही. इलेक्ट्रिक स्कूटरला आवाज नसतोच. मैत्रिणीनं ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली.

दोघंही वाचले. तिचं खरचटण्यावर भागलं. काकांचं मनगट मोडलं, ऑपरेशन झालं, प्लेट बसली. बिल झालं सव्वा लाख. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काकांच्या मुलानं अगदी शांतपणे विचारलं, "गाडीचा नंबर काय? इन्शुरन्स कुठला आहे?"

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. शोरूममध्ये बघितलं होतं, तसंच.

काकांचा मुलगा भला माणूस. पोलिसात न जाता मिटवलं. सव्वा लाखातले ऐंशी हजार मैत्रिणीनं द्यायचे ठरले, दर महिन्याला थोडे थोडे. ती अजून देतेय. मी त्यातला एक हप्ता भरायची ऑफर दिली तर म्हणाली, "राहू दे गं, फ्रीलान्सर तू!" टोमणा होता की प्रेम, अजून कळलं नाही.

त्यानंतर मी जरा शोध घेतला. जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 3 ते 7 किलोवॅटच्या इलेक्ट्रिक दुचाकीसाठी थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता किती होता माहितेय? 607 रुपये. इलेक्ट्रिक म्हणून पेट्रोलगाडीपेक्षा 15 टक्के स्वस्त. तुमच्यामुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली, तर त्याची भरपाई यातून होते. दोघांच्या पिझ्झाइतके पैसे. आणि शोरूमवाला आपल्याला हेच वाचवून देत होता!

दरम्यान माझी जुनी ॲक्टिव्हा दम सोडायला लागली होती, त्यामुळे या वेळी शोरूमच्या खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून मीच बसले. घरच्यांचा पहिला प्रश्न, "पेटते ना गं ती?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार्च 2022 मध्ये आपल्याच लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर भडाभडा पेटली, तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला चार्जिंगच्या गाडीला लागलेल्या आगीच्या धुरानं एक बाप आणि त्याची मुलगी गेली. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या नव्याकोऱ्या गाड्या जळाल्या. सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला, त्यात सात वर्षांचा मुलगा गेला. लोहगावची आग सगळ्यांनी बघितली. पण वेल्लोर आणि वसईला माणसं गेली ती घरात, चार्जिंगच्या वेळी. मला जास्त भीती त्याची वाटते.

त्या वर्षीच्या आगींनंतर केंद्रानं बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस-156 असं त्याचं रुक्ष नाव. पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून, दुसरा 31 मार्च 2023 पासून. बॅटरीत पाणी शिरू नये, चार्जरनं वेळेवर करंट तोडावा, आत काही गडबड झाली तर गाडीनं आवाज करून आणि दिवा लावून सांगावं, आणि मुख्य म्हणजे एक सेल तापून बिघडला तरी अख्खा पॅक पेटू नये, अशा चाचण्या त्यात आल्या. त्यामुळे सेकंडहँड घेणाऱ्यांनी किलोमीटरच्या आधी गाडी कधी बनली ते बघावं. 2021 ची गाडी 'एकदम टकाटक कंडिशन' म्हणून निम्म्या किमतीत मिळत असेल, तर ती निम्म्या किमतीत का मिळतेय ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

या चाचण्या होतात कुठे? आपल्या डोक्यावर! कोथरूडच्या टेकडीला आपण 'एआरएआयची टेकडी' म्हणतो, रविवारी सूर्योदयाचे फोटो काढतो, खाली उतरून पोहे खातो. ते एआरएआय म्हणजे गाड्यांची तपासणी करून प्रमाणपत्र देणारी, देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक. मानेसरची आयकॅट ही दुसरी. बिनलायसन्सची कमी वेगाची गाडी घेतानासुद्धा असं प्रमाणपत्र लागतंच. मी मुद्दाम परत सिंहगड रोडच्या त्या शोरूममध्ये जाऊन मागितलं. "मिळेल ना मॅडम, व्हॉट्सॲपवर पाठवतो." अजून वाट बघतेय.

कमी वेगाच्या गाड्यांवर माझा राग नाही, हे इथे सांगून टाकते. सपाट रस्ता, दोन-तीन किलोमीटरचा परिघ, भाजी, पोस्ट, नातवाची शाळा, एवढ्यासाठी त्या झकास आहेत. माझी मावशी सांगलीत अशीच एक चालवते आणि ती 25 ला पण 'फार पळते बाई' म्हणते. पण रोज बाणेर-हिंजवडी करणाऱ्या माणसाला ती विकणं म्हणजे, वायर काढली जाणार हे माहीत असून विकणं.

मी शेवटी रजिस्ट्रेशनवाली घेतली. लाखाच्या वर गेली, ईएमआय चालू झाला, गोव्याची ट्रिप कॅन्सल. नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, तो घेतला. हिरवी नंबरप्लेट, त्यावर पांढरी अक्षरं. फुल चार्जला साडेतीनेक युनिट वीज, म्हणजे पेट्रोलच्या मानानं चकटफूच. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला खळखळ केली, तेव्हा ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांचं प्रिंटआउट नेऊन दिलं. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. काकांनी ते दोन दिवस वाचलं. मग म्हणाले, "वायरमन आमचाच लागेल." लागू दे. एक्स्टेन्शन बोर्डापेक्षा 15 अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट केव्हाही बरा. झोपताना चार्जिंग लावून ठेवायची सवय मात्र मी लावून घेतलेली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर लावते, जेवण होईपर्यंत पुरेशी होते.

मैत्रिणीला गाडी विकायची होती, पण मोकळी केलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायला तिचं मन होईना. मागच्या महिन्यात आम्ही दोघी एका गॅरेजमध्ये गेलो. तिनं सीट उघडून दाखवली आणि सांगितलं, ही वायर परत जोडून द्या.

मेकॅनिकनं आधी वायरकडे, मग आमच्याकडे बघितलं. "मॅडम, काढायला रोज येतात. जोडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

पन्नास रुपये घेतले. आता ती बाणेरला बसनं जाते, आणि ती पिस्ता रंगाची गाडी वारज्यातल्या वारज्यात, डाव्या बाजूनं, 25 नं चालवते. हेल्मेट घालून. मागचे हॉर्न मारतात.