रात्री दोन वाजता किल्ली कुणाकडे?

‘पुण्यात एनआयव्ही आहे ना, मग कसलं टेन्शन?’ निपाहचा विषय निघाला की कट्ट्यावर हे हमखास ऐकू येतं. खरंय, अतिघातक विषाणू हाताळता येतील अशी बीएसएल-४ लॅब तिथे आहे. पण लॅबमध्ये नमुना पोहोचतो तो कुणाला तरी शंका आल्यावर. पेशंट त्याआधीच कॅज्युअल्टीच्या बाकावर येऊन बसलेला असतो, आणि शेजारी कदाचित तुमची आजी.

२०१८चं केरळ आठवा. कोझिकोडला निपाह आला, सरकारी नोंदीप्रमाणे १७ जण गेले. बहुतेकांना लागण कुठे झाली? हॉस्पिटलातच! पहिल्या पेशंटच्या वेळी निपाह कुणाच्या डोक्यातच आला नाही. त्याची शुश्रूषा करणारी पेरांब्र्याची नर्स लिनी पुथुसेरी त्यातच गेली.

पुढच्याच वर्षी एर्नाकुलममध्ये २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला निपाह झाला. आपल्याच वयाचा. या वेळी त्याच्या संपर्कातल्या ३००हून अधिक लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. तो बरा झाला, दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही. लस तेव्हाही नव्हती. पण हॉस्पिटलं सावध होती.

आणि हे केरळपुरतं नाही. एनआयव्हीच्याच शास्त्रज्ञांना महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्यात. (ट्रिप कॅन्सल करू नका, माणसांत साथ आलेली नाही.)

म्हणून मला नव्या मशीनच्या उद्घाटनाचं फारसं कौतुक वाटत नाही. ताप असलेला, बरळणारा पेशंट आला की ‘कुठून आलात, घरात अजून कुणी आजारी आहे का?’ हे विचारायचं, त्याला मास्क देऊन वेगळं बसवायचं. पीपीई घालण्याइतकाच काढण्याचाही सराव करायचा, कारण लागण काढतानाही होते. याला कोट्यवधी लागत नाहीत, सवय लागते. कोविडनंतर पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड ज्या अडगळीत गेले, तिथेच ती सवयही गेली.

तुमच्यापैकी कितीतरी जण नर्सिंगला, एमबीबीएसला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला आहात. पोस्टिंगला वॉर्डात तुम्हीच उभे असता. मग एचओडींना सरळ विचारा ना: शेवटचं मॉकड्रिल कधी झालं? त्यात विद्यार्थी होते का? आणि आयसोलेशनच्या खोलीची किल्ली रात्री दोन वाजता कुणाकडे असते?