शेडवरचा स्टोव्ह 'चालतोय', पण कोणाच्या जिवावर?



शेडवरचा वडिलांच्या वेळचा पितळी रॉकेलचा स्टोव्ह मोडीत घातला आणि 5 किलोचा गॅस आणला. तेव्हापासून पारावर एकच ऐकतोय, "चालत होता की चांगला! पैसे जास्त झालेत का?"

चालत होता, पण कोणासाठी? रात्रीच्या लाईटीचा आठवडा असला की गव्हाला पाणी द्यायला गडी जातो. दोन वाजता चहा तो करतो, पंप तो मारतो, निपलला पिन तोच घालतो. आपण घरी गोधडीत. मग 'चालतोय' हे ठरवणारे आपण कोण?

मीपण हेच म्हणायचो. पंपाचा वायसर गेला होता, झाकणातून हवा सुटायची. रेशनचं रॉकेल बंद झाल्यावर गड्यानं त्यात डिझेल घातलं. काजळीनं निपल बुजलं, पिन घालताना भडका उडाला, मनगट भाजलं. चूक त्याची नाही. डिझेलचा कॅन शेडमध्ये मीच ठेवला होता आणि स्टोव्ह मीच बदलला नव्हता.

फवारणी पंपाचा वायसर गेला तर दुसऱ्या दिवशी तालुक्याला पळतो आपण. स्टोव्हच्या वायसरला मात्र चार वर्षं 'बघू'. पिकाला घाई, माणसाला बघू. हा कसला हिशेब?

दुसरे शहाणे म्हणतात, "बाजारातली बारकी टाकी घे, वर बर्नर बसवलेली. स्वस्त पडते." अहो, तिची तपासणी कोणी केली? मोठ्या सिलिंडरमधून अंदाजानं भरून देतात. गॅस फुगायला टाकीत जागा ठेवावी लागते, ती कोण मोजतं? बर्नर थेट टाकीवर, त्यावर भाताचं पातेलं. कलंडलं की संपलं. ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्यांत अशाच टाक्या दिसतात, बाजूला लेकरं झोपलेली असतात.

सरकारी तेल कंपन्यांचा 5 किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागं घरगुती गॅसपेक्षा महाग पडतो, खरंय. पण तो महागपणा मालकानं सोसायचा, गड्याच्या हातानं नाही.

घेताना सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरचा आकडा वाचा. A म्हणजे मार्चअखेर, B जून, C सप्टेंबर, D डिसेंबर आणि पुढं साल. ती मुदत उलटली असेल तर परत करा. शेगडी आणि नळी आयएसआय मार्कचीच घ्या. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो; म्हणून शेडच्या भिंतीला जमिनीलगत झरोका ठेवा. डिझेल आणि औषधं त्या खोलीत नकोत.

अजून पटत नसेल तर आज रात्री शेडवर जा आणि तो जुना स्टोव्ह स्वतःच्या हातानं पेटवा. हात कचरला, तर उद्या तालुक्याला जायचं काम निघालं समजा.