सेल्फची तार आणि पान्याची ठिणगी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका टेम्पोवाल्याचा पाय मोडला. गाडी जुनी. चावी फिरवली की सेल्फ कधी लागे, कधी लागत नसे. मग हे गृहस्थ बॉनेट उघडून सॉलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर पाना टेकवीत. ठिणगी उडे, इंजिन चालू होई. त्या दिवशी गाडी गिअरमध्ये राहिली होती. टेम्पो पुढे सरकला आणि ते भिंतीशी दाबले गेले. दोन महिने धंदा बंद, हप्ते थकले, वहिनींनी दोन घरची कामे जादा धरली. दोष होता चावीकडून येणाऱ्या एका बारीक तारेचा!

सॉलेनॉइड म्हणजे मोठे बटण. चावीची बारीक तार त्याला थोडा करंट देते; आतली कॉइल लोखंडी दांडा ओढते आणि दोन जाड बोल्ट जोडले जातात. एका बोल्टावर बॅटरी, दुसऱ्यावर सेल्फची मोटर. तिथून शेकडो अँपिअर वाहतात. या जाड तारेला बहुधा फ्यूज नसतो. ती सायलेन्सरला टेकली किंवा पत्र्यावर घासून सोलली, तर गाडी पेटू शकते. म्हणून ती क्लिपने बांधा, पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच घाला.

काम करताना हा क्रम ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. हातातली अंगठी, घड्याळ काढा. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, जवळ बिडी नको. बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक आधी सोडवा आणि काम संपल्यावर सर्वांत शेवटी लावा. असे केले म्हणजे मध्येच पाना पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही. तारा सोडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा. बोल्ट घासून स्वच्छ करा. तार नुसती पिळून गुंडाळू नका, टोकाला थिंबल दाबून घट्ट कसा.

बारीक तार जोडण्यापूर्वी बॅटरी लावून टेस्ट लॅम्पने तपासा. चावी ‘स्टार्ट’वर असतानाच दिवा लागला पाहिजे. नुसत्या ‘ऑन’वर लागला, तर तार चुकीची आहे, इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ फिरत राहील आणि जळेल. चावी सोडूनही सेल्फ थांबला नाही, तर लगेच बॅटरीचे टोक काढा.

यातले काही समजले नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. त्यात कमीपणा नाही. आणि माता-भगिनींनो, घरातला माणूस पाना घेऊन बॉनेटपाशी वाकलेला दिसला, तर आधी विचारा, “गिअर काढलाय का?” तो चिडेल, चिडू द्या. आमचे टेम्पोवाले आता कुबडीवर चालतात, आणि पोराला हेच विचारतात.